समवयस्कांचा गट, त्याची भाषा आणि शालेय शीण

१. उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• ‘शालेय शीण’ ही संकल्पना व तिची तीन अंगे स्पष्ट करता येतील;
• थकवा, कंटाळा, आळस, उबग या शब्दांतील अर्थभेद सांगता येतील;
• मित्रगटातील सारखेपणाची तीन स्पष्टीकरणे उदाहरणांसह मांडता येतील;
• गटातील बोलण्याच्या पद्धती शीण कशा वाढवतात वा कमी करतात, याचे विवेचन करता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषा आणि सामाजिक गट यांचा संबंध आपण मागील घटकात पाहिला. प्रदेश, वर्ग, व्यवसाय यांप्रमाणे वय हाही भाषाभेदाचा एक आधार असतो, हे तेथे स्पष्ट केले आहे. प्रस्तुत घटकात आपण एकाच वयोगटाकडे वळणार आहोत. तेरा ते अठरा वर्षांची मुले-मुली, त्यांचे मित्रगट आणि शाळेविषयी त्यांच्या मनात साचत जाणारा शीण हा या घटकाचा विषय आहे.

हा विषय मानसशास्त्राचा आहे, मराठीच्या पाठ्यक्रमात त्याचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर एका नेहमीच्या प्रसंगात सापडते. शाळेतून वा क्लासमधून आलेली मुलगी दप्तर कोपऱ्यात टाकते. “काय झालं?” या आईच्या प्रश्नाला “काही नाही” एवढेच उत्तर मिळते. तीच मुलगी रात्री मैत्रिणीशी तासभर बोलते आणि त्या बोलण्यात दिवसभराचे सगळे काही येते. मोठ्यांच्या वाट्याला ‘काही नाही’ हे दोन शब्द येतात आणि उरलेली सगळी भाषा मित्रगटाच्या वाट्याला जाते. त्यामुळे किशोरवयीनांचा शीण समजून घ्यायचा असेल, तर त्यांच्या आपसांतील बोलण्याचा विचार करावाच लागतो. तो विचार भाषेच्या अभ्यासकाच्या अधिकारातला आहे.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना हा विषय आणखी एका कारणाने जवळचा वाटेल. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आज या वयाची मुले आहेत. काही जण स्वतः शिक्षक आहेत. काहींची स्वतःची शाळा कधी काळी अर्ध्यावर सुटलेली आहे. पुढील विवेचन वाचताना हे तिन्ही अनुभव बाजूला ठेवू नका. ते या घटकाचे अभ्याससाहित्यच आहे.

३. संज्ञेचा विचार

३.१ ‘बर्नआउट’ या शब्दाचा प्रवास

इंग्रजीतील ‘बर्नआउट’ हा शब्द शास्त्रीय लेखनात रूढ करण्याचे श्रेय न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्याकडे जाते. मोफत दवाखान्यांतून सेवाभावाने काम करणारे स्वयंसेवक काही काळानंतर आतून रिते होत जातात, हे त्यांनी पाहिले आणि १९७४ मध्ये त्या अवस्थेविषयी लिहिले. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक व सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये या अवस्थेच्या मापनासाठी प्रश्नावली तयार केली. परिचारिका, समाजसेवक, शिक्षक यांसारख्या माणसांशी सतत संबंध येणाऱ्या व्यावसायिकांवर तेव्हा भर होता. आजही जागतिक आरोग्य संघटना ‘बर्नआउट’चा विचार केवळ व्यवसायाच्या संदर्भात करते आणि त्याला रोग मानत नाही.

मग विद्यार्थ्यांविषयी ही संज्ञा कशी वापरता येईल? फिनलंडमधील संशोधक कातारीना साल्मेला-आरो आणि त्यांचे सहकारी यांचे म्हणणे असे की, शाळा हे विद्यार्थ्याचे कामाचे ठिकाणच असते. तेथे ठरलेल्या वेळा असतात, नेमून दिलेली कामे असतात, मुदती असतात आणि कामाचे मूल्यमापनही असते. या भूमिकेतून त्यांनी २००९ मध्ये नऊ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात शालेय शिणाची तीन अंगे मोजली जातात : अभ्यासाच्या भाराने येणारा थकवा, शाळेच्या अर्थाविषयी वाटेनासा झालेला विश्वास आणि विद्यार्थी म्हणून आपण कमी पडतो ही भावना.

३.२ मराठी शब्दांची निवड

या तीन अंगांसाठी मराठीत शब्द शोधताना एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. पुढील शब्दांकडे पाहा.

‘थकवा’ हा श्रमाचा परिणाम असतो आणि तो विश्रांतीने जातो. रविवारी उशिरापर्यंत झोपून सोमवारी ताजातवाना होणारा मुलगा थकलेला होता, इतकेच म्हणता येईल. ‘कंटाळा’ विशिष्ट गोष्टीचा येतो. गणिताचा कंटाळा आलेली मुलगी कबड्डीच्या मैदानावर तरतरीत असते. ‘शीण’ मात्र साचतो. तो शरीरापुरता राहत नाही. म्हणूनच आपण ‘मनाचा शीण’ असेही म्हणतो. ‘उबग’ हा अतिपरिचयातून, एखादी गोष्ट गळ्याशी आल्यावर येतो. ज्याला उबग आला त्याला ती गोष्ट नकोशी होते आणि तिची किंमतही त्याच्या लेखी उरत नाही. ‘उणेपणा’ हा स्वतःविषयीचा निवाडा आहे.

या घटकात आपण ‘बर्नआउट’ला ‘शीण’ म्हणू आणि त्याच्या तीन अंगांना अनुक्रमे थकवा, उबग व उणेपणा म्हणू.

या यादीत एक शब्द मुद्दाम घेतलेला नाही. तो म्हणजे ‘आळस’. घराघरांत, शिक्षक-कक्षांत याच शब्दाचा वापर सर्वाधिक होतो. ‘आळस’ हा शब्द अवस्थेचे वर्णन करत नाही, तो दोष देतो. शब्द बदलला की उपायही बदलतो, हे येथे लक्षात घ्यावे. ज्याला आपण आळशी म्हणतो त्याला आपण रागावतो. जो शिणला आहे असे म्हणतो त्याला आपण बसायला सांगतो. एकाच मुलाची एकच अवस्था, पण तिला दिलेल्या नावावर त्याला मिळणारी वागणूक ठरते. परिभाषेची चर्चा ही केवळ शब्दांची काथ्याकूट नसते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

३.३ तीन अंगांचे परस्परसंबंध

तीनही अंगे सारख्याच गतीने वाढतात असे नाही. एखादी हुशार मुलगी अतिशय थकलेली असते, पण शाळेवरचा तिचा विश्वास कायम असतो. एखादा मुलगा मुळीच थकलेला नसतो, कारण त्याने अभ्यास केव्हाच सोडलेला असतो. त्याला उबग आलेला असतो. फिनलंडमधील अभ्यासांत शाळा सोडून देण्याशी सर्वांत स्पष्ट संबंध दिसला तो उबगाचा. थकलेला विद्यार्थी कसाबसा चालत राहतो. उबगलेल्याला मात्र चालायचे कशासाठी हेच उमगत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) ‘कंटाळा’ आणि ‘उबग’ यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील एकेका उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) तुमच्या बोलीत शिणासाठी कोणते शब्द आहेत? त्यांपैकी कोणते शब्द दोष देतात व कोणते केवळ वर्णन करतात?

४. मित्रगटातील सारखेपणा : तीन स्पष्टीकरणे

नूना किउरू, साल्मेला-आरो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फिनलंडमध्ये सर्व मुले नववीपर्यंत एकाच प्रकारच्या शाळेत शिकतात आणि त्यानंतर सामान्य उच्च माध्यमिक शाळा किंवा व्यवसाय शिक्षण यांपैकी एक वाट निवडतात. त्यामुळे नववीचे वर्ष तेथे निर्णायक असते. या वळणावरील विद्यार्थ्यांचे मित्रगट कोणते हे संशोधकांनी आधी निश्चित केले आणि त्यांच्या शिणाची मोजणी काही काळाच्या अंतराने पुन्हा केली. एकाच गटातील मुलामुलींच्या शिणाची पातळी काही प्रमाणात एकमेकांसारखी असते, असे त्यातून दिसून आले.

हा सारखेपणा कोठून येतो? आपल्याकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे : ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ ही म्हण आपण थोडी बारकाईने वाचू.

पहिले स्पष्टीकरण म्हणीत उघडपणे आलेले आहे. ते म्हणजे प्रभाव. शेजारच्याचा गुण लागतो. शाळेला नावे ठेवणाऱ्या मित्रांत बसणारा मुलगा हळूहळू शाळेला नावे ठेवू लागतो.

दुसरे स्पष्टीकरण म्हणीत येत नाही, कारण बैल आपला शेजारी निवडत नाहीत. माणसे निवडतात. शाळेचा उबग आलेला मुलगा आपल्यासारख्याच मुलाजवळ जाऊन बसतो, कारण तेथे त्याला स्वतःचे समर्थन करावे लागत नाही. याला निवड म्हणतात. येथे गट हे शिणाचे कारण नसून शिणाचा परिणाम आहे.

तिसरे स्पष्टीकरण म्हणीतल्या ‘बांधला’ या क्रियापदात दडलेले आहे. पवळ्याला ढवळ्याशेजारी कोणीतरी बांधले. तो बांधणारा कोण, हे म्हण सांगत नाही. शाळेत गुणांवरून तुकड्या पाडल्या जातात, क्लासमध्ये ‘बॅच’ पाडल्या जातात. शेवटच्या तुकडीतली मुले एकमेकांची मित्र होतात आणि सगळीच शाळेला विटलेली दिसतात. त्यांनी एकमेकांना बिघडवले, असे आपण म्हणतो. वस्तुतः एकाच दावणीला बांधल्यामुळे, एकाच वागणुकीमुळे ती सारखी झालेली असू शकतात. याला समान परिस्थिती म्हणता येईल.

एकदाच केलेल्या पाहणीतून ही तीन स्पष्टीकरणे वेगळी करता येत नाहीत. ‘दोघेही उबगलेले आहेत’ एवढेच त्यातून कळते. आधी मैत्री झाली की आधी उबग आला, हे कळत नाही. त्यासाठी त्याच विद्यार्थ्यांकडे पुन्हा जावे लागते. फिनलंडच्या अभ्यासाचे पद्धतीच्या दृष्टीने महत्त्व यात आहे. आपण पालक म्हणून “त्या मुलाच्या नादाने आमचा बिघडला” असे म्हणतो, तेव्हा तीनपैकी एकच शक्यता गृहीत धरलेली असते आणि ती बहुधा आपल्याला सर्वांत सोयीची असते.

५. गटातले बोलणे

प्रभाव ही गोष्ट हवेतून पसरत नाही. ती बहुतांशी बोलण्यातून पसरते. पुढे अशा बोलण्याच्या चार पद्धतींचा विचार केला आहे.

५.१ “माझा काहीच अभ्यास झाला नाही”

परीक्षागृहाबाहेर उभे राहून ऐका. जवळपास प्रत्येक विद्यार्थी आपला अभ्यास झालेला नाही असे सांगत असतो. हे विधान माहिती देण्यासाठी केलेले नसते, तर गटातले आपले स्थान सांभाळण्यासाठी. गुण कमी पडले तर त्याचे कारण आधीच सांगून झालेले असते. जास्त पडले तर ‘न करता मिळाले’ असा मान मिळतो. शिवाय ‘घासू’ हा शिक्का टळतो.

या निरुपद्रवी वाटणाऱ्या बोलण्याचे दोन परिणाम होतात. बोलणाऱ्याला आपला अभ्यास लपवावा लागतो. तो रात्री जागून, कोणाला न सांगता करावा लागतो. त्यामुळे थकवा वाढतो. ऐकणाऱ्याला मात्र वाटते की सगळ्यांना न करता जमते आणि मला करूनही जमत नाही. त्यामुळे उणेपणा वाढतो. प्रत्येक जण एकाच वेळी बोलणारा आणि ऐकणारा असल्यामुळे दोन्ही परिणाम सर्वांच्या वाट्याला येतात.

५.२ दुःख उगाळणे

मैत्रीत मन मोकळे करणे चांगले, असे आपण मानतो आणि ते खरेही आहे. मात्र अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अमँडा रोझ यांनी २००२ मध्ये एका वेगळ्या प्रकाराकडे लक्ष वेधले. दोन मैत्रिणी एकाच अडचणीविषयी पुन्हा पुन्हा बोलतात, तिचे कंगोरे तपासतात, पुढे काय वाईट होईल याचे तर्क करतात आणि सगळा वेळ दुःखद भावनेतच राहतात. मराठीत यासाठी ‘उगाळणे’ हे नेमके क्रियापद आहे. उगाळल्याने गंध घट्ट होतो, तसेच दुःखही होते.

रोझ यांच्या संशोधनाचा विशेष असा की, अशा बोलण्याने मैत्री अधिक घट्ट होते आणि त्याच वेळी मनाची उदासीही वाढू शकते. हा प्रकार मुलींमध्ये अधिक आढळला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात मुलींच्या बाबतीत दोन्ही परिणाम दिसले, तर मुलांच्या बाबतीत केवळ मैत्री वाढल्याचे दिसले. म्हणजे चांगली मैत्री आणि वाढता शीण या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. ‘मैत्रिणी आहेत ना, मग काळजी नाही’ असे समजून स्वस्थ बसता येत नाही.

५.३ तुलना

‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ही म्हण आपण कुत्सितपणे वापरतो. तिच्यात एक शैक्षणिक सत्य आहे. ऑस्ट्रेलियात काम केलेले संशोधक हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, सारख्याच क्षमतेचे दोन विद्यार्थी असतील, तर ज्याच्या भोवती अधिक हुशार मुले आहेत त्याचे स्वतःच्या अभ्यासाविषयीचे मत कमी चांगले असते. आपण कसे आहोत हे विद्यार्थी शेजाऱ्याकडे पाहून ठरवतो. म्हण उलटी केली तर असे म्हणता येईल की, उत्तम गाईंच्या कळपात धडधाकट गाईलाही आपण लंगडत आहोत असे वाटू लागते.

लातूरसारख्या शहरात मराठवाड्याच्या गावागावांतून मुले अकरावी-बारावीसाठी येतात. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी हे त्यांचे ध्येय असते. राजस्थानातील कोटा शहराचे चित्र याच प्रकारचे आहे. गावच्या शाळेत पहिला येणारा मुलगा अशा ठिकाणी येतो, तेव्हा खोलीतला जोडीदार, मेसमधला शेजारी, क्लासमधला बाकावरचा सोबती, सगळेच आपापल्या गावचे पहिले असतात. मुलाची बुद्धी बसच्या प्रवासात कमी झालेली नसते. बदलते ती मोजपट्टी. घरी फोनवर तो “चांगलं चाललंय” असे सांगतो, कारण त्याला येथे पाठवण्यासाठी घरच्यांनी काय केले हे त्याला ठाऊक असते. उणेपणाची भावना अशा ठिकाणी मुक्कामाला येते आणि तिला वाचा फुटत नाही.

५.४ उबगाची भाषा ही ओळख होते तेव्हा

समाजभाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे दोन अभ्यासांची आठवण ठेवावी. विल्यम लबॉव यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय मुलांच्या गटांचा अभ्यास केला. सहकारी क्लॅरेन्स रॉबिन्स यांच्यासह १९६९ मध्ये त्यांनी या मुलांच्या वाचनाविषयी लिहिले. रस्त्यावरच्या गटांत मुरलेली मुले शाळेतील वाचनात फार मागे होती. गटाबाहेरची मुले तुलनेने पुढे होती. परंतु गटातली मुले भाषेत कच्ची नव्हती. गोष्ट सांगणे, शब्दाला शब्द लावून प्रतिपक्षाला गप्प करणे यांत ती तरबेज होती. त्यांच्या गटात ज्या गोष्टींना मान होता त्यांत शाळेतले यश नव्हते, एवढेच.

पेनलपी एकर्ट यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइटच्या उपनगरातील एका माध्यमिक शाळेत दीर्घकाळ राहून निरीक्षण केले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात विद्यार्थ्यांच्या दोन ध्रुवांचे वर्णन आहे. एक ‘जॉक’ आणि दुसरा, योगायोगाने, ‘बर्नआउट’. हे दुसरे नाव विद्यार्थ्यांच्या बोलीतले होते. अमली पदार्थांच्या संदर्भातून आलेले होते. त्याची आपल्या शिणाशी गल्लत करू नये. जॉक मुले खेळ, विद्यार्थी-मंडळ यांत रमत आणि महाविद्यालयाची वाट पाहत. बर्नआउट मुले बहुतांशी कामगार घरांतली होती. त्यांचे मित्र निरनिराळ्या वयांचे, वस्तीतले, शहराकडे ओढ असलेले होते. बहुसंख्य विद्यार्थी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी होते. स्वरांच्या उच्चारांतदेखील हा भेद उमटलेला होता. बर्नआउट मुलांचे, विशेषतः मुलींचे, उच्चार शहरी बोलीकडे अधिक झुकलेले होते.

या अभ्यासातून आपल्या विषयासाठी मिळणारा बोध असा : शाळेपासून दूर जाणे ही प्रत्येक वेळी व्यक्तीची दमछाक नसते. शाळा ज्या भविष्याचे आमिष दाखवते ते आपल्यासाठी नाही, अशी एखाद्या गटाची समजूत झालेली असते. मग उबग हीच गटाची ओळख होते. ‘आपल्याला काय करायचंय’ हे वाक्य त्या ओळखीचे निशाण बनते.

या वाक्याशी माझा जुना परिचय आहे. माझ्या दहावीच्या वर्षी आम्ही तिघे मित्र मागच्या बाकावर बसत असू. प्रमेय समजले नाही की एकाने “आपल्याला काय करायचंय” म्हणायचे आणि बाकीच्या दोघांनी हसायचे, हा आमचा रिवाज होता. मी घरी वडिलांच्या धाकाने तेच प्रमेय रात्री पाठ करत असे, पण ते मी कधी सांगितले नाही. तिसऱ्या मित्राच्या घरी असा धाक घालणारे कोणी नव्हते. त्याने ते वाक्य खरे मानले. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. त्याच्या जाण्याला घरची गरिबी हे मोठे कारण होते, हे मी आज जाणतो. तरीही, एखाद्या दुपारी मी “मलाही हे समजत नाही, चल, सरांना विचारू” असे म्हटले असते तर, हा विचार मनातून जात नाही. अभ्यास लपवण्याची किंमत नेहमी लपवणाराच देतो असे नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) ‘प्रभाव’ आणि ‘निवड’ यांतील भेद स्पष्ट करा.
(आ) मन मोकळे करणे आणि दुःख उगाळणे यांतील फरक बोलण्याच्या कोणत्या खुणांवरून ओळखता येईल?

६. गट आधार कसा होतो?

येथवरच्या विवेचनावरून मित्रगट ही धोक्याचीच गोष्ट आहे, असा निष्कर्ष काढू नये. ज्या मार्गाने शीण पसरतो त्याच मार्गाने आधारही पसरतो. ‘मलाही समजलं नाही’ हे वाक्य ‘माझा काहीच अभ्यास झाला नाही’ या वाक्याच्या अगदी जवळचे दिसते, पण त्याचे कार्य उलट आहे. पहिले वाक्य अडचण उघडी करते आणि मदतीला वाट देते. दुसरे वाक्य प्रयत्न झाकते. ज्या गटात पहिले वाक्य लाज न वाटता बोलता येते, त्या गटातल्या मुलांना उणेपणा एकट्याने वाहावा लागत नाही.

उगाळणे आणि मोकळे होणे यांतील सीमारेषाही भाषेत शोधता येते. बोलणे फिरून त्याच वाक्यावर येत असेल, भविष्यकाळी क्रियापदे केवळ भीतीची असतील, तर ते उगाळणे होय. बोलण्यात ‘उद्या काय करू या?’ असा प्रश्न आला, की वळण बदलते.

गटाभोवतीच्या प्रौढांचे स्थानही महत्त्वाचे आहे. फिनलंडमधील संशोधनात, ज्या शाळांचे वातावरण नकारात्मक होते तेथे शीण अधिक आणि जेथे शाळेचा आधार व शिक्षकांकडून प्रोत्साहन मिळत होते तेथे शीण कमी, असा संबंध आढळला. म्हणजे दावण कशी आहे यावरही बरेच अवलंबून असते. तिचा दोष सगळाच शेजारच्या बैलावर टाकता येत नाही.

७. उपयोजन : पालक व शिक्षक यांच्यासाठी

या विवेचनातून काही व्यवहार्य गोष्टी निघतात.

मैत्री तोडण्याची घाई करू नये. सारखेपणा निवडीमुळे वा समान परिस्थितीमुळे आलेला असेल, तर मित्र दूर करून शीण जात नाही. उलट असलेला आधार मात्र जातो. शक्य असेल तर मुलाच्या मित्रांना घरी येऊ द्यावे. चार मुलांच्या गप्पांना चहा नेऊन देणाऱ्या आईला जे कळते, ते समोर बसवून घेतलेल्या झाडतीत कळत नाही.

प्रश्नाची रचना बदलावी. “किती मिळाले?” आणि त्यापाठोपाठ “बाकीच्यांना किती?” या दोन प्रश्नांनी आपणच तुलना घरात आणतो. त्याऐवजी “आज काय अडलं?” असे विचारले तर अडणे ही सांगण्याजोगी गोष्ट ठरते.

शिक्षकांनी तुकडीविषयी बोलताना शब्द जपून वापरावेत. ‘शेवटची तुकडी’, ‘ढ’ हे शब्द मुले उचलतात आणि काही काळाने अभिमानाने मिरवू लागतात. उबगाची ओळख अनेकदा आपणच दिलेल्या नावापासून सुरू होते.

शेवटचा मुद्दा गंभीर आहे. झोप व भूक दीर्घकाळ बिघडणे, मित्रांनाही टाळू लागणे, जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे बोलणे, ही लक्षणे केवळ शिणाची मानून थांबू नये. अशा वेळी तज्ज्ञाची मदत तातडीने घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. असे बोलणे बहुधा आधी मित्राच्या कानी पडते. म्हणून ‘कोणाला सांगू नकोस’ ही शपथ अशा वेळी मोडायची असते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

८. सारांश

शालेय शिणाची थकवा, उबग व उणेपणा ही तीन अंगे आहेत. ‘आळस’ हा शब्द या अवस्थेचे वर्णन करत नाही, तर तिला दोष देतो. मित्रगटातील मुलांचा शीण काही प्रमाणात सारखा असतो आणि त्यामागे प्रभाव, निवड व समान परिस्थिती अशी तीन कारणे असू शकतात. प्रभाव मुख्यतः बोलण्यातून घडतो : अभ्यास लपवणे, दुःख उगाळणे, तुलना करणे आणि उबगाला ओळख बनवणे या त्याच्या चार पद्धती आपण पाहिल्या. याच गटात अडचण उघडपणे सांगण्याची रीत पडली, तर तो गट आधार होतो.

तुमच्यापैकी ज्यांनी अनेक वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे, त्यांना उबग म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. तो कायमचा नसतो, हेही तुम्ही स्वतः सिद्ध केले आहे. घरातल्या वा वर्गातल्या शिणलेल्या मुलाशी बोलताना ही गोष्ट त्याला अवश्य सांगा.

९. स्वाध्याय

१. ‘शब्द बदलला की उपायही बदलतो’ या विधानाची शालेय शिणाच्या संदर्भात चर्चा करा.
२. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या’ या म्हणीच्या आधारे मित्रगटातील सारखेपणाची तीन स्पष्टीकरणे मांडा.
३. लबॉव आणि एकर्ट यांच्या अभ्यासांतून शाळा व मित्रगट यांच्या संबंधावर कोणता प्रकाश पडतो, ते लिहा.
४. क्षेत्रकार्य : तुमच्या परिचयातील तीन-चार किशोरवयीन मुलामुलींना पूर्वकल्पना देऊन व त्यांची आणि त्यांच्या पालकांची संमती घेऊन, अभ्यास, परीक्षा व गुण यांविषयी ते आपसांत वापरत असलेले शब्द व वाक्ये नोंदवा. या नोंदींचे थकवा, उबग, उणेपणा आणि आधार अशा चार रकान्यांत वर्गीकरण करा. कोणाचेही नाव लिहू नका. जी वाक्ये एकाहून अधिक रकान्यांत बसतात त्यांच्याविषयी दहा ओळींचे टिपण लिहा.